काळीतलं पांढरं

"काकू, जरा वर येता का? माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत पांढरं काहीतरी आलंय."

सांगलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर शेजारच्या सूनबाईनं छोटी बाग केली आहे. मी वर गेले तेव्हा तिच्या एका हातात खुरपं होतं आणि दुसऱ्या हातात औषधाची बाटली. मोगऱ्याच्या मातीवर, कुंडीच्या काठालगत, पिठासारखा पांढरा थर दिसत होता.

"बुरशीच असणार. औषध मारते, नाहीतर माती टाकून देते."

"थांब गं. आधी बसू या."

आम्ही दोघी कुंडीशेजारी बसलो. अर्धा तास काहीही केलं नाही, फक्त पाहिलं. तो अर्धा तास मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. जमलं तर तुमचीही एखादी कुंडी जवळ घ्या. तुळशीची असेल, कढीपत्त्याची असेल, जास्वंदीची असेल. घरात कुंडी नसेल तर आठवणीतलं तुळशीवृंदावनही चालेल.

पहिलं काम बसण्याचं. उभ्यानं वाकून पाहिलं की नजर वरवर फिरते आणि मन लगेच निवाडा करून मोकळं होतं. मांडी घालून बसलं की डोळे मातीच्या पातळीला येतात. मग मातीची उंची दिसते, खड्डे दिसतात, एखादी मुंगी कुठून कुठे निघाली आहे ते दिसतं. एक श्वास सावकाश घ्या. हात मांडीवरच राहू द्या.

मनाला नाव हवं असतं. बुरशी, कीड, रोग, यातलं एखादं नाव मिळालं की मन स्वस्थ होतं आणि हात कामाला लागतो. ते नाव थोडा वेळ दूर ठेवा. पांढरा हा रंग आहे, ते कुणाचं नाव नव्हे. मीठ पांढरं, चुना पांढरा, कापूस पांढरा, अंडं पांढरं, अळी पांढरी आणि जिवंत मुळीही पांढरी. यातलं कोण आपल्या कुंडीत आलं आहे हे अजून आपल्याला ठाऊक नाही. त्या ठाऊक नसण्यात क्षणभर बसून राहा. आपल्या परंपरेत आधी श्रवण, मग मनन. ऐकल्याशिवाय मनन होत नाही. आज ऐकायचं आहे ते मातीचं.

आता मातीला पहिला प्रश्न विचारा. पांढरं कुठे आहे?

मातीच्या पृष्ठभागावर पसरलं आहे का? कुंडीच्या काठावर कडं धरून बसलं आहे का? कुंडीच्या बाहेरच्या भिंतीवर, तळाच्या भोकापाशी आहे का? खोडाच्या बुंध्याला बिलगलं आहे का? की मातीत सगळीकडे दाण्यादाण्यानं विखुरलेलं आहे? उत्तराची घाई करू नका. कुंडी हळूहळू फिरवा आणि चारही बाजूंनी पाहा. निम्मी ओळख जागेवरूनच पटते. सगळीकडे सारखं विखुरलेलं असेल तर ते माती भरणाऱ्यानं घातलेलं असतं. वरच्या थरावर आणि काठावर असेल तर बहुधा पाण्यानं आणलेलं असतं. बुंध्याशी किंवा मुळांशी असेल तर ते कुणातरी जिवाचं असू शकतं.

दुसरा प्रश्न आकाराचा. दाणा आहे, थर आहे, तंतू आहे, कापूस आहे, अंडं आहे, की वळवळणारं काही आहे?

दाणा असेल तर आता हात मांडीवरून उचला. एक दाणा चिमटीत धरा. माती आधी ओलसर करून घ्या, कोरडी पूड नाकात जाऊ देऊ नका. दाणा अगदी हलका आहे आणि चिमटीत कुस्करून त्याची खरबरीत पूड होते आहे? वाटीतल्या पाण्यात टाकला तर तरंगतो आहे? मग तो पर्लाईट. हल्ली रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांच्या मातीत, कोकोपीटच्या तपकिरी रंगात हे पांढरे कण हमखास असतात. अनेकांना ते थर्माकोल वाटतात, काहींना खताचे दाणे, काहींना अंडी. पर्लाईट ही ज्वालामुखीतून आलेली काच आहे. तिच्या पोटात थोडंसं पाणी अडकलेलं असतं. सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत ती तापवली की दगड मऊ होतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि लाही फुटावी तसा दाणा फुलतो, मूळ आकाराच्या सातपट ते सोळापट. मातीत त्याचं काम एकच, जागा मोकळी ठेवण्याचं. मुळांना हवा मिळावी आणि पाणी वाहून जावं म्हणून तो तिथे असतो. त्याला काढू नका.

दाणा जड आहे, कुस्करत नाही, पाण्यात बुडतो? मग तो आपल्याच भूमीचा असण्याची शक्यता मोठी. कुंडीच्या तळाशी आपण मुरूम घालतो. तो दख्खनच्या काळ्या दगडाचा चुरा असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपलं आणि तिथे पांढरी स्फटिकं धरली. साताऱ्याच्या कुठल्याही घाटात रस्त्याकडेच्या कापलेल्या कड्याजवळ उभं राहा, काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतील. तेच ठिपके सुटे होऊन तुमच्या कुंडीत आले आहेत. बोटावरचा तो कण किती लांबून आला आहे, याचा विचार एक श्वासभर करा.

आणखी एक जड दाणा असतो, ओबडधोबड, मळकट पांढरा. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. बारीक बुडबुडे आले तर ती चुनखडी. माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं, त्यामुळे या दाण्याशी माझी जुनी ओळख आहे. माहेरी महाबळेश्वरकडून आलेल्या मातीत हा दाणा कधीच सापडला नाही. सासरी पूर्वेकडून आलेल्या मातीत तो मुठीमुठीनं सापडला. यामागचं कारण आभाळात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो दगडातला चुना आणि विद्राव्य क्षार धुऊन नेतो, मागे लोह राहतं आणि माती तांबडी होते. तिथला जांभा दगड म्हणजे युगानुयुगे धुतली गेलेली भूमी. तिथून पूर्वेला उतरत जा. खटाव, माण, मग आटपाडी, जत. पाऊस घटत घटत पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. तेवढ्या पाण्यात चुना वाहून जात नाही. तो जमिनीतच थोडं खाली उतरतो, पाणी सुकलं की थांबतो आणि खड्यांच्या रूपानं गोठतो. दोन जिल्ह्यांच्या अंतरात भूमी तांबडीची पांढरट होते. किती पाणी आलं आणि किती पुढे गेलं, याचा हिशेब माती आपल्या अंगावर लिहून ठेवते. हे वाक्य मनात असू द्या. शेवटाकडे ते पुन्हा लागेल.

आता तंतूंकडे या.

मातीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे, रुईच्या म्हातारीसारखे पांढरे धागे असतील तर ती बुरशी. नाक जवळ न्या, फार जवळ नको. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यापाशी येतो तसा, अळंबीचा वास येईल. काडीनं धागे हलकेच बाजूला करा. खाली अर्धवट कुजलेलं शेणखत, लाकडाचा तुकडा, वाळलं पान किंवा चहाचा चोथा दिसेल. ही बुरशी झाडाला खायला आलेली नाही, मेलेलं पचवायला आली आहे. ती नसती तर पानं पडून राहिली असती आणि माती कधी झालीच नसती. ओल जास्त आणि ऊन-वारा कमी असला की ती वर येऊन दिसते, एवढंच. वरची माती मोकळी करा, दोन दिवस पाणी थांबवा, कुंडी उजेडात सरकवा. धागे आपोआप मातीत विरतील.

पण बुंध्याकडे नीट पाहा. पांढरे धागे पंख्यासारखे खोडावर चढत आहेत का? त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याएवढे, आधी पांढरे आणि मग तपकिरी होत जाणारे गोल गोळे आहेत का? झाड वरून मलूल झालं आहे का? तिन्हीचं उत्तर होय असेल तर ही दुसरी बुरशी आहे. भुईमुगाच्या शेतात खोड कुजवणारी हीच. तिचं शास्त्रीय नाव स्क्लेरोशियम रोल्फसाय. इथे दया दाखवण्यात अर्थ नाही. ती कुंडी इतर कुंड्यांपासून लगेच वेगळी करा. झाड आणि माती दोन्ही काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण ते मोहरीएवढे गोळे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पाहणं म्हणजे सगळ्यालाच चांगलं म्हणणं नव्हे. नीट पाहिलं की काय राखायचं आणि काय काढायचं, दोन्ही कळतं.

आता जिवांकडे. पाणी घालताच मातीवर तिळाहून बारीक पांढरे ठिपके टुणकन उडाले, तर ते उडते मातीकिडे. कुजणारं खातात, मुळांना सहसा हात लावत नाहीत. त्यांना त्यांचं काम करू द्या.

कापसाचे बारके पुंजके पानांच्या बेचक्यात, खोडावर किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असतील आणि आसपास मुंग्यांची ये-जा असेल, तर काडीनं एक पुंजका चिरडा. चिकट, गुलाबी-तांबूस डाग उमटला तर तो पिठ्या ढेकूण. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे नाव सांगावं लागत नाही. पांढरं पीठ हे त्याचं मेणाचं पांघरूण आहे, म्हणून साधं पाणी त्याच्यावरून घसरतं. मुंग्या त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतात. म्हणून मुंग्या कुठे निघाल्या आहेत हे आधी पाहायला सांगितलं. मुळांवर ढेकूण असेल तर झाड कुंडीतून काढा, मुळं धुवा, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी वापरा, माती बदला. आठ दिवसांनी पुन्हा पाहा.

खुरपताना बोटाएवढी जाड, चंद्रकोरीसारखी वळलेली पांढरी अळी निघाली, तर आपल्याकडे पहिला शब्द येतो हुमणी. कृष्णाकाठच्या ऊसवाल्याच्या पोटात गोळा आणणारा शब्द. हुमणी मुळं खाते. हिरवागार ऊस पिवळा पडतो आणि ओढला की सहज उपटून हातात येतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा गावंच्या गावं दिव्याचे सापळे लावून, फांद्या हलवून ते गोळा करतात, कारण एकदा अंडी मातीत गेली की काम हाताबाहेर जातं. पण शेणखतातून आलेली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. ती फरशीवर ठेवून पाहा. उताणी होऊन पाठीवर सरकू लागली, तर ती फुलभुंग्याची अळी. ती कुजलेलं शेण आणि पाचोळा खाऊन त्याचं बारीक खत करते. तिला कंपोस्टच्या खड्ड्यात सोडा. पायांवर रांगली आणि कुंडीतली कोवळी मुळं कुरतडलेली दिसली, तर मात्र तिला मातीत ठेवू नका.

आणि अंडी. पाण्यासारखी पारदर्शक पांढरी, साबुदाण्यासारखी, घोळक्यानं असतील तर गोगलगाईची. ती काढा, कारण पावसाळ्यात त्यांतून निघणारी पिल्लं कोवळी पानं ठेवत नाहीत. पण वाटाण्याएवढी, कडक कवचाची, जोडीनं ठेवलेली दोन पांढरी अंडी दिसली, तर ती पालीची. त्यांना परत मातीनं झाका. त्यांतून निघणारा जीव रोज रात्री तुमच्या घरातले किडे टिपणार आहे.

इथे थोडं थांबा. पाठ सरळ करा.

किती पांढरं पाहून झालं आपलं? काच, स्फटिक, चुना, बुरशी, कीड, अळी, अंडं. यांतल्या निम्म्यांना आपण मघाशीच औषध मारलं असतं. पर्लाईटवर, पालीच्या अंड्यांवर, पानं कुजवणाऱ्या बुरशीवर. ते आपले नोकर नाहीत, शत्रूही नाहीत. त्यांची आपली ओळख नव्हती, एवढंच खरं. ओळख नसण्याला आपण किती चटकन धोक्याचं नाव देतो, हे स्वतःशी कबूल करा. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो का, असा विचार मनात आला तर त्यालाही बसू द्या.

आता त्या मोगऱ्याच्या कुंडीकडे परत चला.

थर काठालगत होता. दाणे नव्हते, धागे नव्हते, वास नव्हता. मी नखानं थोडी खपली काढली आणि वाटीतल्या पाण्यात टाकली. बरीचशी विरघळली. उरलेल्या कणांवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले. ते क्षार होते.

"कुठलं पाणी घालतेस?"

"बोअरचं. नळाचं पाणी वर चढत नाही."

"आणि खालचं भोक?"

तिनं कुंडी कलती केली. गच्ची खराब होऊ नये म्हणून तिनं कुंडीखाली खोल ताटली ठेवली होती. भोकावर खापरी घट्ट बसली होती आणि वरून माती थापली गेली होती. वर्षभर त्या कुंडीत पाणी आलं होतं, बाहेर मात्र गेलं नव्हतं.

साधा हिशेब मांडा. एक लिटर बोअरच्या पाण्यात एक ग्रॅम क्षार विरघळलेले असतील आणि रोज अर्धा लिटर पाणी घातलं, तर २०० दिवसांत १०० लिटर पाणी झालं. म्हणजे १०० ग्रॅम क्षार. पाण्याचं काय झालं? काही झाडानं ओढलं आणि पानांतून हवेत सोडलं, काही उन्हानं नेलं. क्षारांना पंख नसतात. ते सगळे कुंडीतच राहिले. मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढत गेलं, जसं वातीतून तेल चढतं, आणि वर येऊन उडून गेलं. मीठ तिथेच फुटलं. मडक्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरे ओघळ येतात ते याच वाटेनं.

आमच्या सासरच्या शेतात, मिरज तालुक्यात, मी हाच पांढरा रंग मोठ्या आकारात पाहिला आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शेताचा एक कोपरा दाखवला होता. उन्हाळ्यात तो दह्याची निवळी सांडल्यासारखा दिसायचा. "मीठ फुटलंय गं," त्या म्हणाल्या होत्या, आणि पुढे काही बोलल्या नव्हत्या. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत कृष्णा-वारणेच्या काठची काळी जमीन खोल, कसदार, पण तिचा चिकट कण पाणी लवकर खाली सोडत नाही. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, काळात ती पावसावर जगत होती. मग उपसा योजना आल्या, ऊस आला, घरांवर स्लॅब पडले, मुलं शिकली. त्या पाण्याचे उपकार खोटे नाहीत. पण पाटानं वाहून आलेलं पाणी कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न शेतानं विचारला तेव्हा तो कुणी ऐकला नाही. ऊस बारा महिने पाण्यात उभा राहिला. जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर आली. मग वातीतल्या तेलासारखं पाणी चढलं, ऊन त्याला घेऊन गेलं आणि क्षार वर बसले. जमीन क्षारपड झाली.

त्यावर उपाय आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथे या जमिनींवर काम होत आलं आहे. सोडियम जास्त झालेल्या चोपण जमिनीला जिप्सम देतात, ताग-धैंचा गाडतात, पाणी मोजून देतात. पण या सगळ्याच्या आधी निचरा लागतो. जमिनीखाली एक-दीड मीटरवर भोकं असलेले पाइप टाकतात. साचलेलं पाणी त्यात झिरपतं, मोठ्या पाइपला मिळतं आणि ओढ्याला जातं. जाताना क्षारांना बरोबर नेतं. एका शेतकऱ्यानं एकट्यानं हे करून भागत नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. ओढ्यापर्यंतच्या सगळ्या शेतांनी मिळून वाट द्यावी लागते. त्या पाइपाकडे पाहिलं तेव्हा मला उमगलं, की हे शेताच्या कुंडीला पाडलेलं भोक आहे.

आपल्या भाषेत गावाच्या भूमीला दोन नावं आहेत. कसायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. गावठाणाच्या मातीला पांढरी म्हणतात, कारण शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण, हाडं, सगळं एकमेकांत मिसळून भूमीचा रंगच उजळतो. माणदेशातल्या धाब्याच्या घरांवर हीच पांढरी घालायची रीत होती. उन्हाळ्यात शेतकरी जुन्या गढीची पांढरी गाड्या भरभरून काळीत टाकायचे, कारण तिच्यात कस असतो. जुन्या वस्तीच्या खुणा शोधणारे अभ्यासक आजही काळ्या रानात उठून दिसणारं पांढरीचं टेकाड आधी पाहतात. पांढरी म्हणजे माणसं इथे कशी राहिली, याची मागे उरलेली नोंद.

मोगऱ्याच्या काठावरचा थरही तसाच होता. वर्षभर एका मायाळू हातानं रोज पाणी घातलं, त्याची नोंद. त्या हातात काळजी होती. फक्त पाणी पुढे कुठे जातं, याकडे लक्ष नव्हतं. हे ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मीच केलं की हे."

"तूच केलंस, म्हणून तूच काढू शकतेस."

आम्ही वरचा दोन बोटं थर खरवडून काढला. तळाचं भोक सळईनं मोकळं केलं, खापरी पालथी आणि सैल ठेवली. कुंडी दोन विटांवर चढवली, ताटली काढली. मग साठवलेलं नळाचं पाणी हळूहळू घातलं, कुंडीत मावतं त्याच्या तिप्पट, थांबत थांबत. पहिलं पाणी खालून आलं ते चहासारखं गढूळ. दुसरं त्याहून उजळ. तिसरं जवळजवळ स्वच्छ. असं धुताना खताचा अंशही वाहून जातो, म्हणून पंधरा दिवसांनी मूठभर चांगलं कुजलेलं गांडूळखत घालायला सांगितलं. आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवायला. पावसाच्या पाण्याइतकं हलकं पाणी आपल्याला दुसरं मिळत नाही.

उठण्याआधी मी तिला शेवटचं पांढरं दाखवलं. काठाची माती बोटानं इंचभर बाजूला केली. तपकिरी जुन्या मुळांच्या जाळ्यात एक नवं टोक होतं, शेवयीच्या तुकड्यासारखं, ओलसर, शुभ्र. द्राक्षवाले छाटणीच्या वेळी बोद, म्हणजे वेलींखालचा मातीचा वरंबा, उकरून हेच शोधतात. "पांढरी मुळी चालू आहे," असं म्हणाले की समजावं बाग जिवंत आहे. झाड अन्नपाणी ओढतं ते या कोवळ्या टोकांमागच्या केसांहून बारीक मूळरोमांनी. जुनी मुळं तपकिरी होतात आणि झाडाला धरून ठेवतात. जेवते ती पांढरी मुळी. औषधाची बाटली त्या मातीत ओतली असती, किंवा माती टाकून दिली असती, तर तीही गेली असती.

एकाच कुंडीत, इंचभर अंतरावर, वर साचलेलं पांढरं होतं आणि खाली उगवणारं पांढरं. वरून पाहताना दोन्हींचा रंग एकच.

आता डोळे मिटा आणि मातीचा तो ओला वास आठवा. मग उठा, आणि घरातल्या प्रत्येक कुंडीखाली हात घालून पाहा. तळाचं भोक बुजलेलं असेल तर आजच मोकळं करा.